जुन्या पीसीसाठी बूट डिस्क (संगणक सुरू करून देणारी डिस्क) जमत नाहीये. बाबांच्या डीटीपी संगणकातला मजकूर वाचवायचा आहे

माळ्यावरची_पेटी (शनिवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी. धागा मोठा होईल, पण सगळं एकदाच सांगते.

चिपळूणला आमचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, देवस्थानांचे अहवाल अशी कामं बाबा करत. २०२१च्या जुलैच्या पुरात तळमजला पूर्ण बुडाला. संगणक माळ्यावर होता म्हणून तेवढा वाचला. बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांनी आसपासच्या गावांमधून शिमग्यातल्या नमन-खेळ्यांची गाणी गोळा केली होती आणि २००४पासून ती पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करत होते. त्यांची छापील प्रत नाही. ती गाणी सांगणारी बरीच म्हातारी माणसंही आता राहिली नाहीत.

संगणक २००३ सालचा: पेंटियम ४, २.४ गिगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची आयडीई हार्ड डिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह, सीडी-रॉम, विंडोज एक्सपी. चालू केला की काळ्या पडद्यावर ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ येतं आणि पुढे काही होत नाही.

आतापर्यंत केलेले प्रयत्न असे. रूफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर नवीन उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकला, पण संगणकाला पेनड्राइव्ह दिसतच नाही. तोच उबुंटू डीव्हीडीवर घेतला, तर ड्राइव्ह नुसता घरघर करतो. एक लहान लिनक्स उतरवून सीडीवर कॉपी केला, त्यानेही बूट होत नाही. शेवटी मावसभावाकडे विंडोज ९८ची स्टार्टअप फ्लॉपी मिळाली. तिने बूट झालं! पण ‘डिर सी:’ केलं तर सी ड्राइव्ह जेमतेम दोन एमबीचा, आणि आत स्कॅनडिस्क, फॉरमॅट, एडिट अशा अनोळखी फाईली. बाबांची एकही फाईल नाही.

इथला दुरुस्तीवाला म्हणतो, डिस्क कोरी झाली, फॉरमॅट करून एक्सपी परत टाकू. मी उद्यापर्यंत थांबायला सांगितलंय. खरंच सगळं गेलं का?

जुनी_फ्लॉपी (शनिवार, रात्री १०.१५)

ताई, फॉरमॅट अजिबात करू देऊ नका. तुम्ही जे पाहिलंत त्यावरून काहीही गेलेलं नाही.

विंडोज ९८ची स्टार्टअप फ्लॉपी सुरू होताना मेमरीत दोन एमबीचा एक खोटा ड्राइव्ह तयार करते आणि स्वतःची अवजारं त्यात उलगडते. त्याला रॅमड्राइव्ह म्हणतात. ‘डिर’ केल्यावर सगळ्यात वर ‘एमएस-रॅमड्राइव्ह’ असं नाव आलं असेल, परत एकदा बघा. ही फ्लॉपी डिस्कवर फाईली मांडायच्या फक्त फॅट आणि फॅट३२ या जुन्या पद्धती वाचते. तुमची एक्सपीची डिस्क बहुधा एनटीएफएस या नंतरच्या पद्धतीची आहे, म्हणजे फ्लॉपीच्या लेखी ती नाहीच. मग मोकळं पडलेलं ‘सी’ हे अक्षर रॅमड्राइव्हला मिळतं.

याच वेळी पडद्यावर एक इंग्रजी सूचना येते की सी ड्राइव्हवर वैध फॅट विभाजन (डिस्कचा आखलेला भाग) नाही, आणि त्यात विभाजनं करणारा एफडिस्क चालवायचा उल्लेख असतो. त्याच्या नादाला लागू नका. एफडिस्कमध्ये जाऊन विभाजन पुसलं की पुढचं काम दसपट अवघड होतं. फ्लॉपी काढून बाजूला ठेवा.

माळ्यावरची_पेटी (शनिवार, रात्री १०.४०)

हो! वर ‘एमएस-रॅमड्राइव्ह’ असंच लिहिलंय. तीन दिवसांत आज पहिल्यांदा नीट जेवेन. खूप खूप आभार.

झटपट_उपाय (शनिवार, रात्री ११.०५)

त्याच फ्लॉपीवरून ‘एफडिस्क /एमबीआर’ चालवा. पाच मिनिटांत होईल. मी कितीतरी मशीन अशीच चालू केलीत.

सोल्डरगन (शनिवार, रात्री ११.३०)

झटपट, इथे तो उपाय लागू नाही. कारण सांगतो.

संगणक चालू झाला की बायॉस, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, डिस्कचा पहिला सेक्टर (छोटा तुकडा) उचलतो. हे ५१२ बाइट्स. शेवटच्या दोन बाइट्समध्ये ५५ एए ही खूण असेल तर तो मजकूर मेमरीत ठेवून त्याच्याकडे सूत्रं देतो. हाच एमबीआर. एमबीआर चालू विभाजन शोधून त्या विभाजनाच्या बूट सेक्टरकडे काम सोपवतो, आणि बूट सेक्टर एनटीएलडीआर नावाची फाईल शोधतो. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ हे वाक्य बूट सेक्टरचं आहे. म्हणजे एमबीआरने आपलं काम बरोबर केलंय. जो दुवा धड आहे तोच कशाला बदलायचा?

दुसरं म्हणजे, प्रत घेण्याआधी या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. वीस वर्षांहून जुनी डिस्क आहे. आधी प्रत, मग दुरुस्ती.

झटपट_उपाय (शनिवार, रात्री ११.४५)

मान्य. मी बघितलेल्या मशीनवर वेगळा संदेश यायचा. ताई, माझा सल्ला सोडून द्या.

सोल्डरगन (रविवार, सकाळी ८.२०)

आता तुमचे बाकीचे तीन प्रयत्न का फसले ते पाहू.

पेनड्राइव्ह: त्या काळच्या बहुतेक बायॉसना यूएसबीवरून बूट करता येत नाही. काहींच्या यादीत ‘यूएसबी-एफडीडी’, ‘यूएसबी-झिप’, ‘यूएसबी-एचडीडी’ अशी नावं दिसतात, पण तीही भरवशाची नाहीत. शिवाय तुमचा प्रोसेसर ३२-बिट आहे आणि उबुंटूने ३२-बिट डेस्कटॉपची डिस्क १७.१० या आवृत्तीपासून बंद केली. म्हणजे पेनड्राइव्ह दिसला असता तरी उबुंटू चालला नसता. चुकून चालला असता तर २५६ एमबी रॅममध्ये गुदमरला असता.

डीव्हीडी: ड्राइव्हच्या तोंडावर बघा. नुसतं ‘कॉम्पॅक्ट डिस्क’ आणि ‘५२एक्स’ लिहिलं असेल तर तो फक्त सीडी वाचतो. डीव्हीडीवरचे खड्डे सीडीपेक्षा बारीक असतात आणि त्यांना लागणारा लेझरही वेगळा. घरघर त्यामुळेच.

तिसऱ्या प्रयत्नाबद्दल एक विचारतो. ती सीडी दुसऱ्या संगणकात उघडली तर आत एकच मोठी ‘.आयएसओ’ फाईल दिसते, की बऱ्याच फाईली आणि फोल्डर?

माळ्यावरची_पेटी (रविवार, सकाळी ८.५५)

एकच फाईल. ड्राइव्हवर फक्त ‘कॉम्पॅक्ट डिस्क’ लिहिलंय, तुमचं बरोबर आहे.

सोल्डरगन (रविवार, सकाळी ९.३०)

मग अडचण तिथेच आहे. आयएसओ ही पूर्ण सीडीची हुबेहूब प्रतिमा असते, ती पसरून लिहावी लागते. सीडीवरून बूट करण्याची पद्धत १९९५ साली ठरली, तिचं नाव ‘एल टोरिटो’. त्या पद्धतीत बायॉस सीडीच्या १७ क्रमांकाच्या सेक्टरवर बूटची नोंद शोधतो. आयएसओ नुसती कॉपी केली की ती नोंद त्या फाईलच्या पोटात राहते आणि सीडीच्या १७व्या सेक्टरवर काहीच नसतं.

विंडोज ७ किंवा नंतरच्या कुठल्याही विंडोजमध्ये आयएसओवर राइट क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’ निवडा. ७०० एमबीची सीडी-आर घ्या. सीडी-आरडब्ल्यू नको, तिचा पृष्ठभाग प्रकाश कमी परतवतो आणि काही जुन्या ड्राइव्हना ती वाचता येत नाही. वेग मिळेल तेवढा कमी ठेवा, आणि लिहून झाल्यावर पडताळणीची खूण करा.

लिनक्स म्हणून पपी लिनक्सची जुनी ३२-बिट आवृत्ती घ्या. एका सीडीत मावते आणि एवढ्याशा रॅममध्ये चित्रमय पडदा दाखवते.

खिळा_जुळारी (रविवार, दुपारी १२.१०)

मी पुण्यात पंचवीस वर्षं डीटीपी केलं, त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. नुसत्या पेजमेकरच्या फाईली वाचवून भागणार नाही.

त्या काळचे श्रीलिपीसारखे मराठी फॉन्ट युनिकोड, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-क्रमांकांचे, नव्हते. ‘क’ या अक्षराच्या जागी फाईलमध्ये प्रत्यक्षात कुठलंतरी रोमन चिन्ह साठवलेलं असतं आणि त्यावर फॉन्ट मराठीचं रूप चढवतो. तोच फॉन्ट नसेल तर नमनाच्या ओळीऐवजी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसेल. म्हणून विंडोज फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ हे पूर्ण फोल्डर आधी कॉपी करा.

आणि संगणकामागे प्रिंटरच्या रुंद पोर्टला एक छोटा डबा लावलेला असेल. तो डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली. तो हरवला तर सॉफ्टवेअर उघडणार नाही. आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. म्हणून माझं मत असं की फाईली बाहेर काढा, पण हा एक्सपी जसाच्या तसा चालू करण्याचाही प्रयत्न करा. मजकूर युनिकोडमध्ये आणण्याआधी मूळ पान त्याच्या मूळ रूपात डोळ्यांनी पाहिलेलं बरं. जोडाक्षरं आणि रफार नेमके परिवर्तनातच बिघडतात. लोकगीतांमध्ये बोलीतले शब्द असतात, तिथे अंदाजाने दुरुस्ती करता येत नाही.

माळ्यावरची_पेटी (रविवार, दुपारी १.००)

डबा आहे काका! मी तो प्रिंटरचा तुटका भाग समजून काढणार होते. आता त्यावर कागद चिकटवून ‘काढू नये’ लिहिलंय.

माळ्यावरची_पेटी (मंगळवार, रात्री ८.३०)

झेरॉक्सच्या दुकानात सीडी लिहून घेतली. पहिली त्यांनी ४८एक्सने लिहिली. बूट सुरू झाला आणि ‘आयसोलिनक्स: डिस्क एरर’ येऊन थांबला. दुसरी १६एक्सने लिहायला लावली, पडताळणीसकट. ती आली चालत! पण आज सकाळी पुन्हा सीडीकडे न बघता तोच एनटीएलडीआरचा संदेश. काल बायॉसमध्ये सीडी पहिली लावली होती, आज ते सेटिंग गायब. घड्याळही मागे गेलंय.

जुनी_फ्लॉपी (मंगळवार, रात्री ८.४५)

मदरबोर्डवरचा सेल संपलाय. रुपयासारखा गोल, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. संगणकाची वायर भिंतीतून काढून मगच बदला, लिहिलेली बाजू वर ठेवा. मग डिलीट दाबून बायॉसमध्ये जा, तारीख घाला, ‘फर्स्ट बूट डिव्हाइस’ला सीडी-रॉम द्या आणि एफ१० ने जतन करा.

सोल्डरगन (मंगळवार, रात्री ९.१०)

पपी सुरू झाल्यावर बायॉसचा यूएसबीशी संबंध संपतो. लिनक्स स्वतःचा ड्रायव्हर वापरतो, त्यामुळे बूटला न चालणारा पेनड्राइव्ह आता चालेल. आधी गाणी आणि फॉन्ट पेनड्राइव्हवर घ्या. मग बाहेरची हार्ड डिस्क लावून पूर्ण ४० जीबीची प्रतिमा ‘डीडी’ या लिनक्सच्या आज्ञेने घ्या. ती बाहेरची डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर मावणार नाही, एनटीएफएस असलेली घ्या. आज्ञा लिहिताना कुठून आणि कुठे यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाईल. एंटर दाबण्याआधी आज्ञा इथे टाका, मी बघतो.

पपी बंद करताना ‘सत्र जतन करायचं का’ असं विचारेल. नाही म्हणा. हो म्हटलं तर तो त्याच हार्ड डिस्कवर फाईल तयार करू शकतो.

माळ्यावरची_पेटी (गुरुवार, रात्री ११.२०)

गाणी मिळाली. सगळी. फॉन्टही घेतले, आणि सोल्डरगन दादांनी आज्ञा तपासल्यावर पूर्ण डिस्कची प्रतिमाही घेतली. एकही सेक्टर अडला नाही.

पण एक कोडं आहे. सी ड्राइव्ह उघडला तर एनटीएलडीआर फाईल तिथेच आहे! नावही बरोबर. मग संगणक नाही का म्हणतो?

जुनी_फ्लॉपी (गुरुवार, रात्री ११.४०)

आता दोन प्रश्न. सी ड्राइव्हच्या मुळाशी, म्हणजे कुठल्याही फोल्डरच्या आत नसलेल्या, किती फाईली आहेत? आणि शेवटचा चालू होता तेव्हा काय काम केलं होतं?

माळ्यावरची_पेटी (शुक्रवार, सकाळी ७.१५)

बाबा फोल्डर करतच नसत. सगळ्या पत्रिका, पावत्या, सगळं थेट सी मध्ये. मोजल्या तर ४,३१२ फाईली. आणि शेवटी मीच त्यांच्या पेनड्राइव्हवरच्या साधारण सहाशे फाईली तिथे टाकल्या होत्या, सगळं एका जागी राहावं म्हणून. त्यानंतर बंद केला तो चालू झालाच नाही.

जुनी_फ्लॉपी (शुक्रवार, सकाळी ९.००)

मग माझ्या मते उलगडा झाला. एनटीएफएसमध्ये मूळ फोल्डरची यादी खूप वाढली आणि तुकड्यातुकड्यांत विखुरली की बूट सेक्टरमधला तो इवलासा कोड ती पुरती वाचू शकत नाही. फाईल असते, पण त्याला सापडत नाही. विंडोज २००० आणि एक्सपीची ही माहीत असलेली अडचण आहे. फाईली हलवल्यावरही यादीची मोडतोड तशीच राहू शकते, म्हणून डिस्कला हात न लावता बाहेरून वाट काढू.

तुम्हाला एक फ्लॉपी बनवायची आहे, विंडोज ९८वाली नव्हे. एक्सपी चालू असलेल्या कुठल्याही संगणकात कोरी फ्लॉपी फॉरमॅट करा. मग पपीतून तुमच्याच सी ड्राइव्हवरच्या एनटीएलडीआर, एनटीडिटेक्ट.कॉम आणि बूट.आयएनआय या तीन फाईली तिच्यावर कॉपी करा. तिन्ही मिळून अर्धा एमबीही होत नाहीत. फ्लॉपीचा बूट सेक्टर फ्लॉपीवरच्या एनटीएलडीआरला उठवेल. एनटीएलडीआरला एनटीएफएस पूर्ण वाचता येतं, तो पुढे हार्ड डिस्कवरचा एक्सपी चालू करेल.

एक्सपीवरच फॉरमॅट करा असं मुद्दाम म्हणतोय. व्हिस्टा आणि त्यापुढच्या विंडोजने फॉरमॅट केलेली फ्लॉपी ‘बूटएमजीआर’ शोधते, लिनक्सने केलेली आणखी वेगळं काही.

माळ्यावरची_पेटी (शनिवार, संध्याकाळी ६.४०)

झेरॉक्सवाल्यांकडे कोपऱ्यात एक एक्सपी निघाला, फ्लॉपी ड्राइव्हसकट. बाबांच्या डब्यातल्या दहा फ्लॉप्या नेल्या. पत्रा सरकवून पाहिलं तर चारांच्या चकतीवर पांढरी बुरशी. त्या घातल्याच नाहीत. उरलेल्या सहांपैकी तीन फॉरमॅट होता होता अडल्या, तीन झाल्या. फॉरमॅटच्या खिडकीत ‘एमएस-डॉस स्टार्टअप डिस्क बनवा’ अशी चौकट होती, स्टार्टअप म्हणून मी तिथे खूण केली. घरी येऊन तीन फाईली टाकल्या. बूट केलं तर पुन्हा ‘ए:\>’ आणि पुढे काही नाही.

जुनी_फ्लॉपी (शनिवार, संध्याकाळी ६.५५)

ती खूण काढायची. तिथे खूण केली की एक्सपी फ्लॉपीवर विंडोज एमईचा डॉस टाकतो आणि बूट सेक्टरही त्याचाच बसवतो, जो एनटीएलडीआरकडे बघतही नाही. त्या नावामुळे बरेच जण फसतात. साधा फॉरमॅट, कुठलीही खूण नको. ‘क्विक’ही नको, म्हणजे प्रत्येक सेक्टर तपासला जाईल. बुरशीवाल्या घातल्या नाहीत ते फार चांगलं केलंत, अशी एकच फ्लॉपी घातली तरी ती ड्राइव्हचं डोकं घाण करते आणि ते डोकं पुढची प्रत्येक फ्लॉपी ओरबाडतं.

पपीतून कॉपी झाल्यावर फ्लॉपी ‘अनमाउंट’ (संगणकापासून सुटी) करा, हिरवा दिवा विझू द्या, मगच बटण दाबा.

माळ्यावरची_पेटी (रविवार, दुपारी ४.०५)

चालू झाला.

फ्लॉपी खडखडली, थोडा वेळ काळा पडदा, मग एक्सपीचं चिन्ह, मग बाबांचा डेस्कटॉप. पेजमेकर उघडला, डोंगलने ओळखलं. नमनाची पहिली फाईल उघडली तर समासात बाबांनी प्रत्येक गाण्यापुढे कुठल्या वाडीतून आणि कुणाकडून मिळालं ते लिहून ठेवलंय. हे मला माहीत नव्हतं. आई शेजारी बसून वाचतेय.

खिळा_जुळारी (रविवार, दुपारी ४.३०)

ताई, वाचून डोळे भरून आले. आता प्रत्येक फाईलची पीडीएफ काढून ठेवा, फॉन्ट आत बसवून. पीडीएफ बनवण्याची सोय नसेल तर पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटरसाठीची पानांची भाषा) फाईल म्हणून छापा आणि माझ्याकडे पाठवा, मी इकडे पीडीएफ करून देतो. युनिकोडच्या परिवर्तनातली जोडाक्षरं तपासायलाही मी बसेन. बोलीतल्या शब्दांसाठी मात्र तुमच्याकडचंच कुणीतरी लागेल.

जुनी_फ्लॉपी (रविवार, संध्याकाळी ५.१०)

उत्तम. बायॉसमध्ये फ्लॉपी पहिली ठेवा. उरलेल्या दोन चांगल्या फ्लॉप्यांवरही त्याच तीन फाईली टाका, दोन्हींनी एकेकदा बूट करून बघा आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. पावसाळा तोंडावर आहे, हवाबंद डब्यात तांदळाची पुरचुंडी नको, त्याची पूड उडते. सिलिका जेलची पाकिटं टाका. शिवाय पपीमधून त्या फ्लॉपीचीही ‘डीडी’ने प्रतिमा घ्या. १४,७४,५६० बाइट्सची फाईल होईल. तेवढेच बाइट्स आले तर पूर्ण उतरली समजा.

माळ्यावरची_पेटी (सोमवार, रात्री ९.३५)

१४,७४,५६०. बरोबर आले. दुसरी फ्लॉपी बूट झाली, तिसरी अर्ध्यात अडली म्हणून टाकून दिली. खिळा_जुळारी काका, पहिल्या वीस पानांची पोस्टस्क्रिप्ट उद्या पाठवते. बोलीसाठी गुहागरकडच्या एका नमन मंडळातल्या आजोबांशी बोलले, ते रविवारी घरी येतायत.